नर्सबाईचा पिक्चर

राजनंदिनीनं मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवला, घसरू नये म्हणून पुढे विटेचा तुकडा लावला आणि चौथ्यांदा तेच वाक्य म्हटलं.

"एस्ता सेमाना ए विस्तो उना पेलिकुला."

या आठवड्यात मी एक सिनेमा पाहिला आहे. वाक्य बिनचूक होतं. पडद्यावर नांदेडहून शिकवणाऱ्या प्रतिक्षा मॅडम मान हलवत होत्या, आणि ही मान होकाराची नाही हे राजनंदिनीला आता सवयीनं कळत होतं.

"कोणता सिनेमा?" मॅडमनी स्पॅनिशमध्येच विचारलं.

"मुय बोनिता," राजनंदिनी म्हणाली. फार छान.

"अगं, पण कोणता?" मॅडम मराठीवर आल्या. मराठीवर आल्या म्हणजे कंटाळल्या. "कोणता, कुठं पाहिला, कुणाबरोबर पाहिला, काय आवडलं. परीक्षेत ती बाई हेच विचारणार आहे. क्रियापदाची सहाच्या सहा रूपं तुला झोपेतून उठवलं तरी येतात. पण बोलायला काहीतरी पाहिलेलं असावं लागतं ना?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढंच त्या म्हणाल्या नाहीत. स्लॅब तापला होता. पायाखालची ओली गोणी केव्हाच वाळली होती. गावात नेटवर्क धरणारी ही एकच जागा, म्हणून राजनंदिनी रोज दुपारी इथं चढायची आणि तळपाय भाजून खाली उतरायची.

चार महिन्यांपूर्वी हिंगोलीच्या एका संस्थेनं अठरा मुला-मुलींना फुकट स्पॅनिश शिकवायला घेतलं तेव्हा गावात हसू झालं होतं. बी.ए. झालेली पोरगी, आणि शिकते काय तर कुठल्या साता समुद्रापलीकडची बोली! पण काम खरं होतं. सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या एका ॲपची तिकडची गिऱ्हाइकं तक्रारी करायला फोन करतात, आणि ते फोन पुण्यात बसून कुणीतरी घ्यायचे असतात. मी हा भाग पाहिला आहे, पुढचा अजून दिसला नाही, असली त्यांची गाऱ्हाणी. म्हणून तोंडी परीक्षेचा विषयही ठरलेला, सिनेमा आणि टीव्ही. पास झालं की पुण्याला नोकरी. संधी दोनदाच, आणि त्यातली एक राजनंदिनीनं घालवली होती.

कशी घालवली, हे आठवलं की अजून तिचे कान तापत. अठरांपैकी तिघांनी इंटरनेटवरून एकच उत्तर उतरवून पाठ केलं होतं. एका परदेशी मालिकेवरचं, दरोडेखोरांच्या. राजनंदिनीचा नंबर तिसरा. परीक्षक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ही तू कुठं पाहिलीस? कुठं म्हणजे? तिनं ती पाहिलीच नव्हती. उरलेली अडीच मिनिटं ती पडद्यावरच्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसली होती.

तसं तिनं काहीच पाहिलं नव्हतं असंही नाही. रील हजारांनी पाहिले होते, आणि भाकरी थापता थापता मालिकांचे तुकडे. पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत बसून पाहावा आणि मनात राहावा असा सिनेमा शोधायला गेलं की डोकं रिकामं व्हायचं. घरातला टीव्ही वडिलांचा, संतरामांचा. त्यावर बाजारभाव आणि बातम्या. मोबाइलचा डेटा क्लासमध्येच संपायचा.

मनात पक्का राहिलेला पिक्चर एकच होता, आणि तो तिनं हळदीच्या शेतात ऐकला होता.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती मायबरोबर खुरपायला जायची. दहा-बारा बाया ओळीनं बसायच्या, प्रत्येकीची आपापली पात, आणि मधल्या पातीवर तिची माय गोजरबाई. खुरपं चालायचं आणि गोजरबाईचा पिक्चर चालायचा. बाळापूरच्या टाकीजात पाहून आलेले पिक्चर ती एकेक दिवस पुरवून पुरवून सांगायची. म्हाताऱ्या अनुसयाबाई तिच्या शेजारची पात मिळावी म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. सगळ्यांत जास्त वेळा सांगितलेला म्हणजे नर्सबाईचा पिक्चर. शिकायची हौस असलेली पोरगी, तिला म्हाताऱ्या ठाकुराच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, मांडव, लाल शालू, हातात हार. ती हार मांडवाच्या खांबाला अडकवते, मागच्या दारानं निघते, मोटारीत बसते, शहरात जाऊन नर्स होते. दहा वर्षांनी गावात पटकी येते तेव्हा पांढऱ्या साडीत परत येते, आणि त्याच ठाकुराला सुई टोचून वाचवते. तो हात जोडतो. ती म्हणते, हात खाली घ्या, दुसरीकडं पेशंट हायेत. इथं बाया खुरपी थांबवून हसायच्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिला त्या दुपारी स्लॅबवर वाटलं. हाच सांगायचा. पाहिला आहे म्हणायचं, बस्स. डोळ्यांसमोर तर सगळा होताच.

तीन आठवडे तिनं तो पिक्चर स्पॅनिशमध्ये घोटला. मांडवाला शब्द सापडला नाही, तिथं घराचं अंगण केलं. पटकीला ताप केलं. प्रतिक्षा मॅडम पहिल्यांदाच खूश झाल्या, मग म्हणाल्या, "नाव काय सिनेमाचं? नट कोण? एवढं तर सांगावंच लागेल."

नाव तिला ठाऊक नव्हतं. मायला विचारलं तर ती म्हणाली, "नाव कोण बघतं? पोस्टरवर बाईचं तोंड व्हतं." मॅडमनी इंटरनेटवर शोधलं. नर्स होऊन ठाकुराला वाचवणारी नायिका त्यांना कुठं सापडेना. परीक्षा गुरुवारी, आणि आज मंगळवार.

"हे बघ," मॅडम तुटकपणे म्हणाल्या, "मागच्या वेळी काय झालं ते लक्षात आहे ना? नाव शोधून आण, नाहीतर दुसरा सिनेमा घे."

दोन दिवसांत दुसरा सिनेमा! राजनंदिनीनं मोबाइल बंद केला तो जरा जोरातच.

बाळापूरला आसिफचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात मागच्या खुर्चीवर त्याचे वडील महेबूबचाचा बसलेले असतात. टाकीज होतं तोवर तिथलं मशीन त्यांनीच चालवलं. टाकीज पडलं, तिथं आता खताचं गोदाम आहे, पण चाचांना रिळांचे नंबर अजून पाठ. राजनंदिनी संध्याकाळी शेअर रिक्षानं तिथं गेली आणि उभ्या उभ्या पिक्चर सांगू लागली. बाप, ठाकूर, मांडव. चाचांचा चेहरा उजळत गेला.

"बराबर," ते म्हणाले. "लाल शालू, हातात हार, आन् बाहेर घोडा उभा. तिथंच इंटरवल. सहा हप्ते चालला बेटा आपल्याकडं." त्यांनी नाव सांगितलं, नटीचं नाव सांगितलं, साल सांगितलं. राजनंदिनीनं घाईघाईनं लिहून घेतलं.

"आन् मंग ती नर्स होते, ते रीळ..."

"नर्स?" चाचांनी चष्मा काढला. "उसमें नर्स हईच नहीं."

"चाचा, दुसऱ्या भागात. शहरात जाते ना ती."

"कुठं जाती? हार घालती ठाकुराला. लग्न होतं. मंग तो दारू पितो, हिला मारतो, ही त्याच्यासाठी उपास करती. चार गाणे हैत. शेवटी दुश्मन गोळी झाडतो, ही मधी येती आन् त्याच्या पायावर डोकं ठेवून मरती. लेडीज लोक लई रडायचे." चाचा थांबले आणि बारीक आवाजात म्हणाले, "जे थांबायचे ते."

तिनं त्यांचं शेवटचं वाक्य धड ऐकलंही नाही. आसिफनं तिला मोबाइलवर पिक्चर काढून दिला. शेवट पुढे ओढून पाहिला तर खरंच, लाल शालू, पाय, त्यावर डोकं. परतीच्या रिक्षात ती दातओठ खात बसली. तीन आठवडे, उन्हात, तळपाय भाजून, तिनं एक नसलेला पिक्चर पाठ केला होता! मागच्या वेळी दुसऱ्याचं उत्तर चोरून नापास झाली. या वेळी मायच्या थापांवर होणार होती.

गोजरबाई शेतातून येऊन हौदावर हातपाय धूत होती. राजनंदिनी चपला न काढता तिथं गेली.

"माय, त्या पिक्चरमदी नर्स न्हाई."

"कोणत्या?"

"तुला ठाव हाय कोणत्या. ती पळून जात न्हाई. त्या ठाकुराशीच लग्न करती. मार खाती. आन् शेवटाला त्याच्यासाठी गोळी खाऊन मरती."

गोजरबाईनं तांब्या हौदाच्या कठड्यावर ठेवला.

"मरती?" तिनं विचारलं.

राजनंदिनीला आणखी बरंच बोलायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण मायचा चेहरा लबाडी पकडली गेलेल्या माणसाचा नव्हता. ओळखीतलं कुणी वारल्याचं उशिरा कळावं तसा तो झाला होता.

"तुला ठाव न्हाई?" राजनंदिनीनं विचारलं.

"म्या कुठं शेवट पाहिला."

"मंग काय पाहिलं?"

"अर्धा." गोजरबाईनं पदरानं हात पुसले. "बाजाराच्या दिवशी सामान घेतलं की तुझ्या आत्यासंगं जायचे. तीनला लागायचा. सव्वाचारला मधली सुट्टी. आन् आपली शेवटची यस्टी पावणेपाचला. ती गेली तर रातभर बाळापुरात बसा. उठावंच लागायचं. आमच्याकडच्या समद्याच बाया उठायच्या."

"समदे पिक्चर असेच?"

"आठ पाहिले. आठीचे आठ अर्धे."

"टीव्हीवर तरी लागला असंल की."

"लागला व्हता येकदा. त्या मांडवापर्यंत आला आन् म्या उठले. काहून उठले काय म्हाईत. भाकरी बी झाल्या व्हत्या."

हे ऐकून राग जायला हवा होता. पण तिचा राग गेला नाही, उलट वाढला, कारण आता तो कुणावर काढायचा हेच कळेना. तिच्या आवाजात रडू आलं.

"मंग सांगायचं न्हाई ना, अर्धाच पाहिला म्हणून. म्या खरं धरून बसले. परवा परीक्षा हाय माय. त्या बाईला म्या काय सांगू?"

"तुला म्या म्हणले व्हते का, ह्योच सांग?" गोजरबाईचाही आवाज चढला. "दुसऱ्या दिशी पातीवर बसलं की बाया इचारायच्या, मंग पुढं? अनुसयाबाय तर खुरपं खाली ठेवायच्या. त्यायला काय सांगू? यस्टी आली म्हणून उठले? त्यायनी तर अर्धा बी पाहिला नव्हता."

ती तांब्या उचलून घराकडे निघाली. दोन पावलं गेल्यावर वळली.

"म्या उठून गाडीत बसले व्हते," ती म्हणाली. "मंग तिला बी बसवलं. दुसरं काय सुचणार?"

राजनंदिनी हौदाच्या कठड्यावर टेकली. आठ पिक्चर तिनं मनातल्या मनात मोजून पाहिले. एकात पोरगी मास्तरीण झाली होती. एकात तिनं कापडाचं दुकान काढलं होतं. एक तर तारघरात लागली होती. आठही जणी मांडवातून, वाड्यातून, कुठून ना कुठून बाहेर पडल्या होत्या, आणि आठही वेळा गाडी मिळाली होती.

बुधवारी तिनं आसिफनं दिलेला पिक्चर पाहायला घेतला आणि चौथ्या गाण्याला बंद केला. प्रतिक्षा मॅडमना फोन केला नाही. काय सांगणार होती?

गुरुवारी दुपारी वीट, टाकी, ओली गोणी. गोजरबाई त्या दिवशी शेतात गेली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी बसून राहिली, कुणी वर येऊ नये म्हणून. परीक्षक बाई त्याच होत्या, पांढरे केस, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. त्यांनी राजनंदिनीला ओळखलं की नाही कळलं नाही.

"अलीकडे पाहिलेल्या सिनेमाबद्दल सांग."

राजनंदिनीनं नाव सांगितलं. नटी, साल. मग बाप, ठाकूर, मांडव, हार. वाक्यं घसरत नव्हती. हार हातात आला आणि बाईंनी मध्येच विचारलं, "दोंदे ला आस विस्तो?"

कुठं पाहिलास?

खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. घरात पाहिला, मोबाइलवर पाहिला, असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. वाक्य तयार होतं. पण मागच्या वेळची ती अडीच मिनिटं तिला आठवली.

"नो ला ए विस्तो," ती म्हणाली. मी नाही पाहिलेला. "मी ऐकलाय. माझ्या आईनं पाहिलाय. अर्धा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अर्धा का?"

याचं उत्तर तिनं पाठ केलेलं नव्हतं. ती अडखळली, क्रियापदाचा काळ चुकला, पुन्हा सुधारला. बाजार. तीन वाजता. शेवटची बस. बाई विचारत गेल्या. बस कुठं जायची? इतर बायका? मग शेतात तो कोण ऐकायचं? उरलेलं आई कुठून आणायची? राजनंदिनी बोलत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून घड्याळ पाहत होती. तिचा नर्सबाईचा भाग, तीन आठवड्यांचा घोटलेला, तसाच पडून होता. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा बाईंनी विचारलं, "आणि तुझ्या आईनं अजून तो शेवट पाहिला आहे का?"

"तोदाविया नो," राजनंदिनी म्हणाली. अजून नाही.

वेळ संपली. बाईंनी आभार मानले आणि पडदा काळा झाला.

ती जिन्यावरून खाली आली ती फणफणत. "पिक्चर सांगूच दिला न्हाई तिनं. नुसतं यस्टीचंच इचारत बसली. झालं वाटोळं."

"यस्टीचं?" गोजरबाईला काही उमगेना. "तिला काय करायचं आपल्या यस्टीचं?"

निकाल शनिवारी मेसेजनं आला. राजनंदिनीनं तो तीनदा वाचला आणि मग प्रतिक्षा मॅडमना फोन लावून त्यांच्याकडून वाचून घेतला, तेव्हा कुठं विश्वास बसला. ती पास झाली होती. एक तारखेला पुण्यात हजर व्हायचं होतं. संतरामांनी बातम्या बंद करून साखर आणायला माणूस पाठवला. गोजरबाई चुलीपुढून उठली नाही. पोरीकडे पाहून एकदा मान हलवली आणि पीठ मळत राहिली. पीठ त्या दिवशी फार वेळ मळलं गेलं.

रविवारी दुपारी घरात दोघीच होत्या. राजनंदिनीनं मोबाइल धान्याच्या कोठीला टेकवून ठेवला.

"ये माय. बस."

"काय हाय?"

"तुझा पिक्चर."

गोजरबाई हात पुसत आली. पडद्यावर पोरीचा बाप गाणं म्हणत होता. तिनं क्षणभर पाहिलं. "हे ठाव हाय. पुढचं लाव."

राजनंदिनीनं पुढे ओढलं. मांडव आला, शालू आला, हार आला, आणि मध्यंतराची पाटी येऊन गेली. गोजरबाई पाखडायच्या डाळीचं सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकली. हार ठाकुराच्या गळ्यात पडला तेव्हा तिनं काहीतरी पुटपुटलं. मार खाण्याच्या जागी तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. चारही गाणी तिनं पाहिली. उपास, दुश्मन, गोळी. पायावर डोकं ठेवून नायिका बराच वेळ बोलली आणि मेली. तिच्या कपाळाच्या कुंकवावर पिक्चर संपला.

राजनंदिनीनं मायकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. कुणी खोटा माल गळ्यात मारू पाहावा आणि आपण तो वेळीच परत करावा, तसे तिचे ओठ मिटलेले होते.

"बरं झालं," गोजरबाई म्हणाली, "पावणेपाचची गाडी व्हती."

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, मूठभर डाळ पाखडली, आणि खडा निवडता निवडता, वर न बघता विचारलं, "आन् तुजी पुण्याची कवा हाय?"